सेप्टिक टँक, पाण्याची टाकी आणि विहीर: उतरण्यापूर्वी हवा कशी तपासावी आणि काम संपेपर्यंत कशी राखावी

एप्रिल २०२४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात, वाकडी या गावी, शेणाच्या खड्ड्यासारख्या वापरात असलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढण्यासाठी एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, आणि असे करता करता पाच जणांचा जीव गेला. सहावा माणूस वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि दोराचे दुसरे टोक वरच्या माणसांच्या हाती होते. पुढे मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाडा येथे बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या भूमिगत पाण्याच्या टाकीत साफसफाईसाठी उतरलेले चार कामगार गुदमरून मृत्युमुखी पडले. पहिल्या ठिकाणी सडणारे शेण होते, म्हणून धोका निदान कल्पनेत तरी येऊ शकत होता. दुसऱ्या ठिकाणी होती ती पाण्याची टाकी, जिच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

हा लेख गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी, लहान कारखान्यांतील पर्यवेक्षक, बांधकामावरील मुकादम आणि विहिरीचा गाळ काढून घेणारे शेतकरी यांच्यासाठी आहे. ज्या जागेत माणसाचे शरीर शिरू शकते, पण आत-बाहेर करणे अवघड असते, जी सतत वावरण्यासाठी बांधलेली नसते आणि जिच्यात हवा आपोआप खेळत नाही, ती जागा या कामापुरती बंदिस्त समजावी. सेप्टिक टँक, ड्रेनेजचे चेंबर, तळघरातील सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाक्या, साखर कारखान्यातील मळीची टाकी, धान्याचा सायलो, मासेमारी नौकेतील मासे साठवण्याचा कप्पा, बॉयलरचा ड्रम आणि विहीर हे सगळे या व्याख्येत बसतात. वर उघडी असल्यामुळे विहीर बंदिस्त नाही, असा समज फार पसरलेला आहे. वाकडीची विहीरही वर उघडीच होती.

उतरणे टाळता येईल का

प्रत्येक कामाची सुरुवात याच प्रश्नाने झाली पाहिजे आणि उत्तर "होय, टाळता येईल" असे असल्यास पुढचे सर्व टप्पे वाचण्याची गरजच उरत नाही. सेप्टिक टँकच्या बाबतीत उत्तर जवळजवळ नेहमीच होकारार्थी असते. सक्शन गाडीने मैला उपसता येतो, तळाशी घट्ट बसलेला गाळ वरून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मोकळा करून पुन्हा ओढता येतो, तुंबलेली नळी जेटिंग यंत्राने साफ करता येते, आणि भिंतीची तडा पाहायची असेल तर काठीच्या टोकाला दिवा व कॅमेरा बांधून पाहता येते. गाडी महागात पडते, म्हणून ठेकेदार दोन माणसे आणि एक बादली पाठवतो. हा हिशेब संस्थेच्या सचिवांनी मान्य केला, की अपघाताची अर्धी तयारी तिथेच पूर्ण झालेली असते.

येथे कायदाही स्पष्ट आहे. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाच्या कलम ७ नुसार गटार किंवा सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईसाठी कोणाही व्यक्तीला कामावर लावता येत नाही, आणि कलम ९ नुसार पहिल्या उल्लंघनासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा उल्लंघन केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी मार्च २०१४ मध्ये ठरवलेली १० लाख रुपयांची भरपाई ऑक्टोबर २०२३ मध्ये वाढवून ३० लाख रुपये केली. "काम ठेकेदाराला दिले होते, आमचा संबंध नाही" या सबबीवर कोणत्याही संस्थेने विसंबू नये. मैल्याच्या गाडीसाठी स्थानिक महापालिका किंवा नगरपालिकेशी संपर्क साधावा. या कामासाठी १४४२० हा राष्ट्रीय मदत क्रमांकही सुरू करण्यात आलेला आहे.

पुढील मार्गदर्शन हे ज्या जागांत उतरण्यास खरोखरच पर्याय नाही अशांसाठी आहे: रिकाम्या टाकीच्या आतील दुरुस्ती, जलरोधक लेप, वेल्डिंग, विहिरीचे खोदकाम इत्यादी.

हवा बिघडते कशी

स्वच्छ हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. बंदिस्त जागेत तो दोन प्रकारे कमी होतो: एक तर काहीतरी त्याला खाऊन टाकते, नाहीतर दुसरा वायू येऊन त्याची जागा घेतो. लोखंडी टाकी बंद असताना आतून गंजते तेव्हा गंजण्याच्या क्रियेत प्राणवायू खर्च होतो. बांधकामाच्या टाकीत शटरिंगच्या ओल्या फळ्या राहिल्या तर त्या कुजताना हेच होते. पाण्याच्या टाकीत विषारी काही नसतानाही माणूस का कोसळतो, याचे उत्तर बहुधा येथे सापडते. मळी आंबताना किंवा धान्य ओलसर राहिल्यास कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तयार होतो. तो हवेच्या दीडपट जड असल्याने तळाशी साचतो आणि हवेला वर ढकलतो. प्राणवायू १६ टक्क्यांवर आला की श्वास जोरात चालतो आणि निर्णयशक्ती ढासळते, १० टक्क्यांखाली शुद्ध हरपते, ६ टक्क्यांखाली काही मिनिटांत मृत्यू येतो. यात गुदमरल्याची जाणीव होईलच असे नाही, कारण श्वासाची तडफड शरीरात कर्बवायू साचल्यामुळे होते, प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे. म्हणून शिडीवरचा माणूस हाक न मारता खाली घसरतो.

मैला, शेण आणि गाळ कुजतो तेथे मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे दोन वायू मुख्यतः तयार होतात. मिथेन हलका असतो, वर झाकणाखाली जमतो, आणि हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ठिणगीने स्फोट होतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा थोडा जड असतो आणि त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. हा वासच माणसाला फसवतो. दहा लाख भाग हवेत या वायूचे शंभरएक भाग झाले, म्हणजे प्रमाण शंभर पीपीएमच्या आसपास गेले, की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणून वायू गेला असे समजून माणूस पुढे सरकतो. ७०० ते १००० पीपीएमला शुद्ध झपाट्याने हरपते आणि त्याहून अधिक प्रमाणात एक-दोन श्वासच पुरतात. शिवाय हा वायू गाळात विरघळून आणि अडकून राहतो. टाकी उघडल्यावर हवा चांगली निघाली तरी फावडे मारताच, किंवा नुसते पाऊल गाळात रुतताच, तो एकदम बाहेर पडतो. वरून केलेल्या एकाच तपासणीवर विसंबणारी माणसे येथे फसतात.

तिसरा शत्रू आपण स्वतः आत नेतो. विहिरीत उतरवलेले डिझेल इंजिन, टाकीच्या तोंडाशी चालू ठेवलेला जनरेटर, आत चालवलेला पेट्रोलचा पंप यांतून कार्बन मोनॉक्साइड येतो, ज्याला वास, रंग किंवा चव नसते. जलरोधक लेप आणि रंगांतील टोल्युइनसारख्या द्रावकांच्या वाफाही आपणच आत नेलेल्या असतात.

कामाआधीचा कागद

मला ठेकेदारांच्या तोंडून सर्वात जास्त वेळा ऐकू आलेला शब्द "पाच मिनिटांचं काम" हा आहे, आणि त्यावरचा एकमेव उतारा म्हणजे लेखी परवाना. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३६ ने घालून दिलेली शिस्त सोपी होती: टाकी, खड्डा किंवा तत्सम जागेत सक्षम व्यक्तीने स्वतः तपासणी करून, जागा सुरक्षित असल्याचा लेखी दाखला दिल्याशिवाय प्रवेश नाही, आणि तसा दाखला नसेल तर श्वसनयंत्र व दोरासह पट्टा घातल्याशिवाय आणि दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाने धरल्याशिवाय प्रवेश नाही. तुमचे काम कारखान्यात नसेल, तरी हीच शिस्त पाळावी.

परवाना म्हणजे छापील सुंदर तक्ता असलाच पाहिजे असे नाही. वहीचे एक पान चालेल. त्यावर जागा, काम, आत जाणाऱ्यांची व बाहेर थांबणाऱ्याची नावे, हवेच्या नोंदी वेळेसह, परवाना कधी संपतो ती वेळ आणि सही असावी. परवाना एका पाळीपुरताच असावा. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर आले आणि यंत्रे बंद झाली, तर परत उतरण्याआधी पुन्हा मोजणी करून नवी नोंद व्हावी. याला अपवाद करू नये, कारण जेवणाच्या सुट्टीत ब्लोअर, म्हणजे ताजी हवा आत ढकलणारा पंखा, बंद राहतो, गॅस वेल्डिंगची टॉर्च आत पडून राहते आणि तिच्यातून हळूहळू गळती होत राहते.

जागा इतरांपासून तोडणे

उतरण्याआधी जागेत काय काय येऊ शकते हे शोधून प्रत्येक वाट बंद करावी. सेप्टिक टँकमध्ये इमारतीच्या शौचालयांची नळी येते, म्हणून ती वळवावी किंवा फुगवण्याच्या बुचाने बंद करावी आणि रहिवाशांना वेळ कळवावी. कारखान्यात नुसता व्हॉल्व्ह फिरवून थांबू नये, कारण व्हॉल्व्ह गळतात. नळीच्या जोडात आंधळी, म्हणजे छिद्र नसलेली, चकती बसवावी किंवा नळीचा तुकडाच काढावा. पंप, ढवळणारे पाते आणि मिक्सर यांचा विद्युतपुरवठा तोडून त्यावर कुलूप घालावे आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात असावी. आत न्यायचा हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा नसावा, आणि ज्वलनशील वायूची शक्यता असेल तर तो ज्वालारोधक बनावटीचा असावा.

झाकणे किमान तासभर आधी उघडावीत. टाकीला दोन तोंडे असतील तर दोन्ही, आणि ड्रेनेज लाइन असेल तर अलीकडची व पलीकडची चेंबरेही. उघडताना तोंडावर वाकू नये, वाऱ्याच्या दिशेचे भान ठेवावे आणि आसपास विडी-सिगारेट पेटलेली नसावी. मात्र उघडून तासभर झाला म्हणजे हवा बदलली, हा निष्कर्ष चुकीचा आहे. झाकण उघडणे ही केवळ मोजणीची पूर्वतयारी आहे.

मोजणी

येथे यंत्राला पर्याय नाही. एकाच वेळी प्राणवायू, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणारा चार वायूंचा डिटेक्टर खिशात मावतो. एखाद्या संस्थेला तो वर्षातून एकदाच लागत असेल तर विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्यावा, किंवा ज्याच्याकडे तो आहे आणि वापरताही येतो अशाच ठेकेदाराला काम द्यावे.

यंत्र सुरू करायचे ते बाहेर, मोकळ्या हवेत. तेथे प्राणवायू २०.९ आणि बाकी सर्व शून्य दिसले पाहिजे. त्यानंतर ज्ञात प्रमाणाचा चाचणी वायू क्षणभर सोडून चारही संवेदक हलतात आणि अलार्म वाजतो याची खात्री करावी. ही तपासणी रोजच्या वापराआधी व्हावी. नवे दिसणारे यंत्रही आंधळे असू शकते: सिलिकोनच्या वाफांनी ज्वलनशील वायूचा संवेदक निकामी होतो आणि तरीही पडद्यावर शांतपणे शून्य दाखवत राहतो.

मोजणीचा क्रम ठरलेला आहे. प्रथम प्राणवायू, नंतर ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. या क्रमामागे कारण आहे: ज्वलनशील वायूचे नेहमीचे संवेदक तो वायू आतल्या आत जाळून मोजतात, आणि प्राणवायूच कमी असेल तर ते जळणे नीट होत नाही व आकडा फसवा येतो. यंत्र दोराने सोडून किंवा पंप व लांब नळी जोडून, शरीर वरच ठेवून, वर, मध्ये आणि तळाशी अशा किमान तीन पातळ्यांवर मोजावे. खोल जागेत दर सव्वा मीटरला. प्रत्येक पातळीवर किमान दोन मिनिटे थांबावे, आणि नळी वापरत असल्यास हवा नळीतून यंत्रापर्यंत येण्याचा वेळ त्यात वेगळा मिळवावा. घाईने खाली-वर केलेले यंत्र कुठल्याच पातळीचा खरा आकडा सांगत नाही.

प्रवेशासाठी प्राणवायू १९.५ ते २३.५ टक्क्यांदरम्यान, ज्वलनशील वायू किमान स्फोटमर्यादेच्या (हवेतील ज्या प्रमाणापासून तो पेटू शकतो त्याच्या) १० टक्क्यांखाली आणि हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमखाली असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कार्बन मोनॉक्साइडसाठी कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत आठ तासांची मर्यादा ५० पीपीएम होती. मी स्वतः २५ धरतो. परंतु हे आकडे रेल्वेच्या सिग्नलसारखे हिरवे-लाल म्हणून वाचू नयेत. त्यांच्याआड दोन सापळे दडलेले आहेत.

पहिला सापळा प्राणवायूच्या आकड्यात आहे. यंत्रावर १९.९ दिसले तर बहुतेक लोक "एकोणीसच्या वर आहे, चला" म्हणतात. पण हवेत प्राणवायूचा वाटा साधारण एक पंचमांश असल्यामुळे, दुसऱ्या वायूने जागा घेऊन प्राणवायू एका टक्क्याने उतरला असेल, तर त्या परक्या वायूने एकूण हवेपैकी सुमारे पाच टक्के, म्हणजे ५०,००० पीपीएम, जागा व्यापलेली असते. तो वायू कोणता हे कळेपर्यंत उतरण्याचा प्रश्नच येत नाही. तो कर्बवायू असेल तर चार वायूंचा नेहमीचा डिटेक्टर त्याच्याबद्दल काहीही सांगणार नाही. म्हणून २०.९ पेक्षा कमी आलेल्या प्रत्येक आकड्याचे कारण शोधले पाहिजे.

दुसरा सापळा ज्वलनशील वायूच्या टक्केवारीत आहे. यंत्रावरील १० हा आकडा हवेतील टक्केवारी दाखवत नाही, तो किमान स्फोटमर्यादेचा दहावा भाग दाखवतो. मिथेनसाठी तो हवेतील अर्धा टक्का होतो. टोल्युइनची स्फोटमर्यादाच सुमारे १.१ टक्के असल्याने तिचा दहावा भाग सुमारे १,१०० पीपीएम भरतो, आणि टोल्युइन ५०० पीपीएमलाच जीवितास तत्काळ धोकादायक गणले जाते. म्हणजे टाकीला आतून द्रावकयुक्त लेप लावणारा कामगार, आगीच्या दृष्टीने "सुरक्षित" हवेत, विषबाधेने कोसळू शकतो. अशा कामात हा आकडा अनुमतीसाठी वापरूच नये. पाण्यात मिसळणारा लेप निवडावा किंवा बाहेरून हवा पुरवणारे श्वसनयंत्र द्यावे.

हवा बदलणे

मोजणी समाधानकारक आली तरी यांत्रिक वायुवीजन हवेच. ब्लोअर बाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवावा, त्याचे तोंड जनरेटर, मोटारी आणि टाकीतून बाहेर येणारी हवा यांपासून दूर असावे, आणि लवचिक डक्टचे टोक तळापासून हातभर उंचीवर सोडावे. डक्ट तोंडाशीच सोडला तर हवा आत शिरून तशीच परत बाहेर येते आणि तळाची हवा जागची हलत नाही. सर्वसाधारण कामासाठी ताजी हवा आत ढकलणे हे आतली हवा ओढण्यापेक्षा परिणामकारक ठरते. वेल्डिंगसारख्या एकाच ठिकाणी धूर करणाऱ्या कामात मात्र धुराजवळ ओढणारा डक्ट वेगळा लावावा. घरातला टेबलफॅन तोंडावर ठेवून भागत नाही, आणि त्याच्या मोटारीची ठिणगी मिथेनला पुरेशी असते.

किती वेळ ब्लोअर चालवावा, याचा हिशेब साधा आहे. समजा टाकी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल आहे; घनफळ १५ घनमीटर. ब्लोअरच्या पाटीवर तासाला १,४०० घनमीटर लिहिले असले तरी डक्टची लांबी व वळणे यांमुळे प्रत्यक्षात निम्मे धरावे, म्हणजे मिनिटाला साधारण साडेअकरा घनमीटर. टाकीच्या घनफळाएवढी हवा एकदा आत गेली म्हणजे जुनी हवा संपली असे होत नाही; नवी-जुनी मिसळत जाते आणि एका फेरीनंतर जुन्या वायूचा ३७ टक्के भाग उरतो, तीन फेऱ्यांनंतर ५ टक्के, पाच फेऱ्यांनंतर एका टक्क्याहून कमी. ५०० पीपीएम हायड्रोजन सल्फाइड पाच फेऱ्यांनी साडेतीनच्या आसपास येतो. सुरक्षिततेसाठी साडेसात फेऱ्या धराव्यात: ११२ घनमीटर, म्हणजे सुमारे दहा मिनिटे. कोपरे आणि आडभिंती यांमुळे हवा सगळीकडे सारखी मिसळत नाही, म्हणून मी अर्धा तास चालवून मग मोजतो. त्यानंतर काम संपेपर्यंत, तासाला वीस फेऱ्या होतील अशा बेताने, ब्लोअर सुरूच ठेवावा. तो बंद पडला, तर आतल्याने हातातील काम टाकून बाहेर यावे.

एक गोष्ट कधीही करू नये: हवा "सुधारण्यासाठी" सिलिंडरमधील शुद्ध ऑक्सिजन टाकीत सोडणे. २३.५ टक्क्यांच्या वर कपडे, केस आणि तेलकट चिंध्या इतक्या वेगाने पेटतात की त्या विझवता येत नाहीत.

विहिरीबद्दल थोडे अधिक

महाराष्ट्रात विहिरींचा गाळ काढण्याचा आणि त्या खोल करण्याचा हंगाम एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत असतो, आणि नेमका याच दिवसांत विहिरीतील हवा सर्वाधिक साचलेली असते. हिवाळ्याच्या रात्री बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा थंड व जड होऊन खाली उतरते आणि विहीर आपोआप श्वास घेते. उन्हाळ्यात आतली हवा थंड व जड, बाहेरची गरम व हलकी, त्यामुळे वरची हवा खाली उतरतच नाही. पावसाळी ढगांबरोबर हवेचा दाब उतरला की जमिनीच्या भेगांतील वायूही विहिरीत येतो. काल उतरलो होतो, काही झाले नाही, हा दाखला म्हणून उपयोगाचा नाही.

पूर्वीपासून विहिरीत पेटता कंदील सोडून पाहण्याची पद्धत आहे. प्राणवायू साधारण १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते, त्यामुळे विझलेला कंदील "उतरू नका" हे खरे सांगतो; पण पेटता राहिलेला कंदील "उतरा" असे सांगत नसतो, कारण हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन मोनॉक्साइडने माणूस मरेल एवढ्या प्रमाणात ज्योतीला काही होत नाही. शेण, मैला किंवा बायोगॅस यांचा संबंध असलेल्या खड्ड्यात तर कंदील सोडणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण आहे. झाडाची डहाळी दोराला बांधून खाली-वर करणे किंवा बादल्यांनी पाणी ओतणे यांनी हवा थोडी ढवळते, इतकेच. सुरुंग लावल्यावर धूर दिसेनासा झाला तरी ब्लोअर लावून आणि मोजून मगच उतरावे. आणि इंजिन कितीही जड असले, पाणी कितीही खोल गेलेले असले, तरी डिझेल-पेट्रोलचे इंजिन विहिरीत उतरवू नये. विजेचा पाणबुडी पंप वापरावा आणि माणूस आत असताना त्याचा पुरवठाही तोडावा.

माणसे आणि साधने

आत उतरणाऱ्याच्या अंगावर पूर्ण शरीराचा हार्नेस, म्हणजे खांदे, छाती व मांड्यांना बांधलेले पट्टे, असावा, आणि त्याचा दोर तोंडावर उभ्या केलेल्या तिपाईवरील विंचला, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या चरकाला, जोडलेला असावा. वाकडीत कमरेच्या दोराने एक जीव वाचवला हे खरे. काहीच नसण्यापेक्षा तो दोर हजारपट बरा. परंतु बेशुद्ध माणसाला कमरेने ओढले तर शरीर मध्येच घडी पडल्यासारखे दुमडते आणि ६० सेंटिमीटरच्या मॅनहोलमधून निघत नाही. हार्नेसची कडी पाठीच्या वरच्या बाजूला असल्याने माणूस उभा वर येतो.

तोंडाला बांधलेला रुमाल, सर्जिकल मास्क किंवा एन-९५ यांपैकी काहीही वायू अडवत नाही. गाळणी लावलेला मास्क काही वायू शोषतो, पण तो प्राणवायू निर्माण करत नाही; म्हणून बंदिस्त जागेत फक्त स्वच्छ हवा पुरवणारी साधनेच चालतात. पाठीवरचा हवेचा सिलिंडर नावाला तीस मिनिटांचा असतो, घाबरलेला व कष्ट करणारा माणूस तो बराच आधी संपवतो, आणि अरुंद तोंडातून तो पाठीवर घेऊन उतरताही येत नाही. अशा ठिकाणी बाहेरून नळीने हवा देणारे यंत्र, आणि सोबत सुटकेपुरता छोटा सिलिंडर, हे योग्य ठरते. वायूच्या आकड्यांवर प्रवेश सुरक्षित ठरला असला तरी आतल्या माणसाच्या छातीजवळ चालू डिटेक्टर अडकवलेला असावा, म्हणजे फावड्याने उठलेला वायू पहिल्यांदा त्याला कळेल.

सर्वात महत्त्वाचा माणूस मात्र बाहेर थांबतो. त्याच्याकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये: साहित्य आणणे नाही, फोन घेणे नाही, चहा तर नाहीच. आतल्याशी दर एक-दोन मिनिटांनी बोलणे, आकडे लिहिणे, ब्लोअर चालू असल्याचे पाहणे आणि उत्तर न आल्यास विंच फिरवणे एवढीच त्याची जबाबदारी. काम थांबवण्याचा पूर्ण अधिकार त्याला हवा, आणि तो अधिकार सर्वांसमोर सांगितलेला हवा, कारण मुकादमासमोर "बाहेर या" असे ओरडण्याचे धैर्य रोजंदारीवरच्या पोराला आपोआप येत नाही.

कोणी कोसळलाच तर

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा संस्थेने, म्हणजे नायॉशने, १९८६ मध्ये नोंदवले होते की बंदिस्त जागेतील मृतांपैकी साठ टक्क्यांहून अधिक माणसे वाचवायला गेलेली असतात. आतला माणूस भाऊ असतो, मेव्हणा असतो, गावचा असतो, आणि बाहेरच्याचे पाय थांबत नाहीत. म्हणूनच हा निर्णय आधी, शांत डोक्याने, सर्वांना मोठ्याने सांगून घ्यावा लागतो: कोणीही कोसळले तरी दुसरा उतरणार नाही.

त्या क्षणी विंच फिरवून माणसाला वर काढावे, ब्लोअर सुरूच ठेवावा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर आणि रुग्णवाहिकेला १०८ वर कळवून "टाकीत माणूस बेशुद्ध आहे, श्वसनयंत्र घेऊन या" असे नेमक्या पत्त्यासह सांगावे. प्राणवायूविना चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते. एवढ्या वेळात बंब शहरातही क्वचितच पोहोचतो. त्यामुळे तिपाई आणि विंच गाडीत ठेवून उपयोग नाही, ती तोंडावर उभीच असली पाहिजेत. वर काढलेल्या माणसाला मोकळ्या हवेत न्यावे, कपडे सैल करावेत किंवा मैल्याने भिजलेले असल्यास काढावेत, श्वास नसल्यास छातीवर दाब देणे सुरू करावे आणि मदत येईपर्यंत थांबवू नये. हायड्रोजन सल्फाइडची शंका असल्यास तोंडाला तोंड लावून श्वास देण्याऐवजी हाताने दाबायच्या पिशवीच्या मास्कने द्यावा. शुद्धीवर आला, चालू लागला, तरी त्याला रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसांत पाणी होण्याचा त्रास काही तासांनीही उद्भवतो.

हे सर्व कागदावर वाचून त्या दिवशी जमत नाही. काम सुरू होण्याआधी एकदा धडधाकट माणसाला हार्नेस बांधून, जमिनीवरच, विंचने उचलून पाहावे. दोर कोठे अडकतो, विंच उलटी कोणी लावली, तिपाईचा एक पाय मऊ मातीत कसा रुततो, हे सगळे त्या पंधरा मिनिटांत कळते.

काम संपल्यावर

आत गेलेली माणसे आणि हत्यारे मोजून घ्यावीत, कुलपे उलट्या क्रमाने काढावीत आणि परवान्यावर वेळ टाकून तो बंद करावा. त्याच पानावर टाकीची मापे, तोंडाचा व्यास, आत येणाऱ्या नळ्या, गाळाची जाडी आणि सर्व पातळ्यांवरील आकडे लिहून ठेवावेत, कारण दोन वर्षांनी समितीही बदललेली असते आणि ठेकेदारही. झाकणाखाली लोखंडी जाळी बसवून घ्यावी, झाकणाला कुलूप लावावे आणि त्याच्यावर तेलरंगाने ठळक मराठीत व कामगारांना वाचता येईल अशा दुसऱ्या भाषेतही लिहावे: "आत विषारी वायू. परवान्याशिवाय उतरू नये." किल्ली पहारेकऱ्याकडे नव्हे, सचिवांकडे ठेवावी.